ॲप नको असेल तर बँकेतली कामं कशी करून घ्यायची (आणि पोच कशी सोडायची नाही)

माझी आई ७४ वर्षांची, राहते ठाण्यात नौपाड्यात, आणि तिचं बँकेचं पासबुक असतं एका साडीच्या दुकानाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, वरून रबरबँड. महिन्यातून एकदा ती पिशवी घेऊन बँकेत जायचं, एन्ट्री मारून आणायची, घरी येऊन चष्मा लावून एकेक ओळ बघायची आणि वहीत टिक करायची, असा तिचा कार्यक्रम कित्येक वर्षं चाललाय. मागच्या वर्षी एकदा तोंड पाडून परत आली. पासबुकचं मशीन बंद, काउंटरवर म्हणाले मशीनवरच मारा, आणि मशीनपाशी उभी असलेली मुलगी, अगदी गोड होती म्हणे, "आजी कशाला दरवेळी उन्हातून येता, द्या मोबाईल, ॲप टाकून देते" म्हणाली, फोन घेतला, आलेला ओटीपी स्वतःच वाचून टाकला, पिन काय ठेवू विचारलं आणि आईने भांबावून आपलं जन्मसाल सांगितलं. पाच मिनिटांत काम फत्ते. पासबुक कोरं ते कोरंच.

मी राहते घोडबंदर रोडला, संध्याकाळी फोनवर हे सगळं ऐकलं तेव्हा खरं सांगायचं तर आधी आईवरच चिडले, पिन असा कोणी सांगतं का म्हणून. मग कळलं की ती काही मागायला गेलीच नव्हती, ती पासबुक भरायला गेली होती. मी स्वतः भाजीवाल्याला दहा रुपये पण क्यूआर मारूनच देते, त्यामुळे ॲप वाईट वगैरे माझं काही म्हणणं नाही. पण ज्याला नकोय त्याला नकोय, आणि त्याची कामं बँकेने केलीच पाहिजेत. त्यानंतर वर्षभर आईसोबत बँकेच्या बऱ्याच चकरा मारल्या, नियम वाचले, दोनदा वाद घातला, त्यातून जे कळलं ते इथे लिहितेय. ज्यांचे आईवडील, सासूसासरे, शेजारचे काका काउंटरवरून "ॲपवरून करा" ऐकून परत येतात त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तोंडी नाही म्हणायला काही लागत नाही, लेखी नाही म्हणायला सही लागते. अर्ज न्या, दोन प्रती न्या, एक त्यांना आणि दुसरीवर पोच म्हणजे सही, शिक्का, तारीख. पुढचं सगळं ह्या पोचेभोवतीच फिरतं.

ह्याचा अनुभव असा. आईच्या पासबुकाचा बारकोडचा स्टिकर निघाला होता, त्याशिवाय मशीन पासबुक घेतच नाही, आणि नवीन स्टिकर द्यायला काउंटरवरचा मुलगा तयार नव्हता, "आता पासबुक कोणी वापरत नाही मॅडम, स्टेटमेंट मेलवर येईल". मी पिशवीतून कागद काढला, चार ओळींचा अर्ज घरूनच लिहून नेला होता, की पासबुक भरून मिळावं आणि बारकोड लावून मिळावा, शक्य नसल्यास कारण लेखी द्यावं. तो म्हणाला ह्याची गरज नाही. मी म्हटलं चालेल की, तुम्ही आत्ता मला जे बोललात तेवढंच ह्यावर लिहून सही करा. त्याने कागद दोनदा वाचला, उठला, आत गेला, आणि बाहेर आला तो स्टिकरची पट्टी घेऊनच. आईला आत बसवलं, आतल्या प्रिंटरवर एन्ट्र्या मारून दिल्या, आठ महिन्यांच्या, प्रिंटर कर्र कर्र करत पानामागून पान. कोणाचाही आवाज चढला नाही. त्या मुलाचाही दोष नाही हो, दहा लोकांचं काम चार जण करतात आणि वरून ॲप किती जणांना दिलं ह्याचं टार्गेट असतं. त्यामुळे त्याच्यावर ओरडून काही होत नाही, उलट पुढच्या वेळी तो तुम्हाला बघून जेवायला जातो.

आता हातात नियम कुठले आहेत ते बघू, कारण नुसती पोच मागून भागत नाही, कशासाठी मागतोय ते माहीत पाहिजे.

पासबुक. बचत खातं असलेल्या व्यक्तीला बँकेने पासबुक द्यायचंच आहे, आरबीआयने हे २००६ सालीच सांगितलंय, आणि तुम्ही पासबुकाऐवजी स्टेटमेंट निवडलंत तर ते दर महिन्याला द्यायचं, आणि दोन्हीपैकी कशाचेही पैसे घ्यायचे नाहीत. लक्षात घ्या, निवडायचं तुम्ही. हरवलं म्हणून डुप्लिकेट मागितलंत तर त्याचा चार्ज लागू शकतो, ती गोष्ट वेगळी. आणि पासबुकात एन्ट्री नुसती आकड्यांची नको, पैसे कोणाकडून आले कोणाला गेले हे समजेल इतका तपशील हवा, हेही २०१७ मध्ये सांगून झालंय.

रोख भरणं. मशीनमध्येच भरा, काउंटरवर घेत नाही, हे सर्रास ऐकू येतं. पण बँक ह्या शब्दाची कायद्यातली व्याख्याच लोकांच्या ठेवी स्वीकारणं अशी आहे, १९४९ च्या बँकिंग रेग्युलेशन ॲक्टमध्ये, आणि त्याच आधारावर आरबीआयने बँकांना सांगितलंय की ज्याला काउंटरवर रोख भरायचीय त्याची रोख काउंटरवर घ्या. फक्त एक, नियम आहे म्हणजे फुकट आहे असं समजू नका. बऱ्याच बँका महिन्याला ठराविक वेळाच काउंटरचे रोख व्यवहार फुकट देतात, पुढे चार्ज लावतात. म्हणून पहिल्याच चकरेत चार्जेसचा तक्ता मागून घ्या आणि घरी नीट वाचा. आईच्या बँकेत तो नोटीस बोर्डावर लावलेला होता पण कॅलेंडरच्या मागे.

रोख काढायला एटीएम नको असेल तर विड्रॉल स्लिप, पण तिच्यासोबत पासबुक लागतंच, म्हणजे पासबुक गेलं की स्लिपही गेली. बेअरर चेकने, म्हणजे जो चेक आणेल त्याला रोख मिळते अशा चेकने काढत असाल तर पासबुक लागत नाही. म्हणून मी म्हणते पासबुक आणि चेकबुक दोन्ही जिवंत ठेवा.

चेकबुक. बचत खात्यावर मागितलं तर वर्षाला किमान २५ पानं फुकट, आणि त्यासाठी स्वतः यायलाच पाहिजे असा हट्ट बँकेने धरायचा नाही, हे नोव्हेंबर २०१७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या सर्क्युलरमध्ये आहे. चेकबुकात मागे जी मागणीची स्लिप असते ती भरून कोणाच्याही हातून पाठवा. माझ्या आईने ती स्लिप इतकी जपून ठेवली होती की शेवटचा चेक संपल्यावर ती कुठे ठेवली तेच आठवेना, तर ती आधीच फाडून पासबुकाच्या कव्हरमध्ये ठेवा.

चेक भरणं. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. बाहेर पेटी असते, त्यात चेक टाका, झालं. पण पेटीत टाकलेल्या चेकचा पुरावा काय? काही नाही. पेटी ठेवायला हरकत नाही पण काउंटरवर चेक दिला तर पोच द्यायला कुठलीही ब्रांच नकार देऊ शकत नाही, असा नियम आहे, आणि तो पेटीवर लिहिलेला असायला हवा. पुढच्या वेळी पेटीकडे बघा, लिहिलंय का. स्लिपचा काउंटरफॉइल, म्हणजे आपल्याकडे राहणारा तुकडा, शिक्का मारूनच घ्या. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक क्लिअरिंग दिवसभर सलग चालतं, पूर्वीसारखं बॅचमध्ये नाही, त्यामुळे सकाळी भरलेला चेक बऱ्याचदा त्याच दिवशी जमा होतो. याची दुसरी बाजू म्हणजे तुम्ही दिलेला चेकही तितक्याच झटपट वटतो, तेव्हा खात्यात पैसे येतील तेव्हा येतील असं धरून चेक फाडायची जुनी सवय सोडा.

मोठ्या रकमेचा चेक देणार असाल तर पॉझिटिव्ह पे नावाचं प्रकरण आहे. १ जानेवारी २०२१ पासून ते सुरू झालं, ५० हजार आणि त्यावरच्या चेकसाठी, चेकचा नंबर, तारीख, नाव, रक्कम आधी बँकेला कळवायची, ५ लाख आणि वरच्या चेकला बँक ते सक्तीचंही करू शकते. हे ॲपवरूनच होतं असं सांगतात, पण बऱ्याच बँका त्याचा कागदी फॉर्म ब्रांचमध्ये घेतात, विचारा. आमच्याकडे सोसायटीच्या दुरुस्तीचा मोठा चेक होता, फॉर्म दिला, पोच घेतली, संपलं.

केवायसी. म्हणजे तुमची ओळख आणि पत्ता बँकेने तपासून नोंदवून ठेवणं. हा शब्द ऐकला की घरातली म्हातारी माणसं घाबरतात, आणि चोरांना ते बरोबर माहितीये. तर साधारण खात्याला केवायसी ताजं करायची वेळ धोका बघून २, ८ किंवा १० वर्षांनी येते. काही बदललं नसेल तर नुसतं स्वतःचं घोषणापत्र पुरतं, आणि ते ब्रांचमध्ये कागदावर देता येतं, तुमच्या बँकेच्या कुठल्याही ब्रांचमध्ये. जून २०२५ मध्ये आरबीआयने असंही केलं की बँकेने मुदतीआधी किमान तीनदा कळवायचं आणि त्यातलं निदान एकदा पत्राने. म्हणजे ज्याच्याकडे व्हॉट्सॲप नाही त्यालाही कळायला हवं. आता कोणी रात्री आठ वाजता फोन करून म्हणालं की आज केवायसी नाही केलं तर खातं बंद, तर पत्र कुठेय विचारा आणि ठेवून द्या.

नॉमिनी. हे ॲपवर अर्ध्या मिनिटात होतं हे खरं, पण कागदावरही होतं आणि मी कागदावरच करा म्हणेन, कारण नोंद झाल्यावर पासबुकावर तसं छापून घेता येतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. आईने माझं आणि भावाचं लावलं, आणि टक्केवारीवरून आमच्या दोघांत जो विनोदी वाद झाला तो इथे नको.

पेन्शनवाल्यांचा नोव्हेंबरचा हयातीचा दाखला. बोटाचा ठसा किंवा चेहरा दाखवून मोबाईलवर होतो, पण ज्यांची बोटं झिजलीत त्यांचे ठसे उमटत नाहीत आणि चेहऱ्यासाठी मान कुठे वळवायची हे समजेपर्यंत निम्मा दिवस जातो. कागदी दाखला चालतो, आणि तो पेन्शन देणाऱ्या बँकेच्या कुठल्याही ब्रांचला देता येतो, तुमच्या होम ब्रांचलाच असं नाही. म्हणजे मुलीकडे कळव्याला राहायला गेलेली आजी तिथल्या ब्रांचला देऊ शकते. इथे पोच शंभर टक्के घ्याच, कारण दाखला सिस्टीममध्ये चढवायचं राहून गेलं की डिसेंबरची पेन्शन अडकते आणि मग "तुम्ही दिलाच नाही" ऐकावं लागतं. तसंच व्याजावर टीडीएस कापू नये म्हणून आपण जो फॉर्म द्यायचो, ज्याला सगळे १५ एच म्हणत आलो, तोही एप्रिलमध्येच कागदावर देऊन पोच घेऊन टाका, एफडी चार असतील तर चारही त्यात आल्यात का बघा.

एफडीचं काही फार नाही, पावती मागा. ई-पावती मेलवर आली म्हणाले तर प्रिंट काढून सही शिक्का मारून द्या म्हणा. आणि ऑटो रिन्यूअल चालू आहे का ते त्या पावतीवरच बघा.

ह्या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा नियम सगळ्यात नवा आहे. आरबीआयने डिजिटल बँकिंगचे नियम काढलेत, १ जानेवारी २०२६ पासून लागू, आणि त्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या. एक, मोबाईल बँकिंग, नेट बँकिंग सुरू करायला ग्राहकाची स्पष्ट संमती हवी आणि तिची नोंद ठेवायला हवी. दोन, डेबिट कार्डासारखी दुसरी सोय देण्यासाठी ॲप घ्याच अशी सक्ती करता येत नाही. "ॲप चालू केल्याशिवाय कार्ड ॲक्टिव्हेट होणार नाही काका" हे वाक्य आता नियमाच्या विरुद्ध आहे. शांतपणे म्हणायचं, "एक जानेवारीचा डिजिटल चॅनलचा नियम आलाय ना, संमती आमची लागते, आम्ही देत नाही, कार्डाचं तेवढं एटीएमवरून करून द्या."

इथे एक सावधगिरी. नियम सांगताना जुन्या सर्क्युलरचा नंबर फेकायच्या भानगडीत पडू नका. २८ नोव्हेंबर २०२५ ला आरबीआयने जुनी हजारो सर्क्युलर गुंडाळून २४४ मास्टर डायरेक्शनमध्ये, म्हणजे विषयवार एकत्रित नियमावल्यांमध्ये, एकत्र केली, त्यामुळे एखादा हुशार ऑफिसर "ते सर्क्युलर रद्द झालंय" म्हणून तुम्हाला गप्प करू शकतो. रद्द जुना कागद झाला, नियम नाही. "सध्याच्या मास्टर डायरेक्शनप्रमाणे" एवढंच म्हणा आणि अर्जातही तेच लिहा.

बरं, जायचं कधी. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनची गर्दी, सोमवारी तर विचारूच नका, आणि दुसरा चौथा शनिवार बंद असतो हे माहीत असून आम्ही एकदा राम मारुती रोडवरून चालत जाऊन बंद शटर बघून आलोय. महिन्याच्या मधला बुधवार किंवा गुरुवार, उघडल्यावर तासाभराने, तोपर्यंत सिस्टीम चालू झालेली असते आणि जेवणाची सुट्टी लांब असते. ज्येष्ठांसाठी वेगळा काउंटर किंवा निदान आधी नंबर असा नियम आहे, पाटी दिसली नाही तर विचारायचं, रांगेत उभं राहून कुढत बसायचं नाही. आणि वेळ संपायच्या आत तुम्ही दारातून आत आला असाल तर तुमचं काम करूनच सोडायचं आहे, "टाइम संपला" चालत नाही.

पिशवीत काय काय न्यायचं. पासबुक, चेकबुक, आधार आणि पॅनची झेरॉक्स प्रत्येकी दोन त्यावर सही करून, दोन कोरे कागद, निळं पेन (बँकेतलं पेन दोरीला बांधलेलं आणि त्यात शाई नसते), अर्जाच्या दोन प्रती, आणि पाण्याची बाटली. फोन न्या पण आईवडिलांच्या हातात उघडा नको. हे मुद्दाम सांगतेय, "द्या मी करून देते" म्हणत कोणी फोन मागितला, मग ती बँकेची स्टाफ का असेना, तर "मुलगी आली की बघते" म्हणायचं, आणि फोन पर्समध्ये. आईला आम्ही हे वाक्य घरी पाठ करून घेतलं, आता ती ते रिक्षावाल्याला पण म्हणते.

अर्ज कसा लिहायचा ते अगदी साधं आहे आणि मराठीतच लिहा. बँकेचे फॉर्म, स्लिपा, पासबुक हे इंग्रजी, हिंदी आणि राज्याची भाषा अशा तिन्हीत असायचा नियम आहे, म्हणजे ठाण्यात मराठी आलंच. आम्ही लिहितो तो असा:

"मा. शाखा व्यवस्थापक यांस, मी आपल्या शाखेत बचत खाते क्रमांक अमुक ची खातेदार, वय ७४. मला मोबाईल ॲप व नेट बँकिंगची सुविधा नको आहे, सुरू असल्यास बंद करावी. पासबुक, चेकबुक व काउंटरवरील सेवा पूर्वीप्रमाणे चालू ठेवाव्यात. यापैकी काही शक्य नसल्यास कारण लेखी कळवावे. मोबाईलवर एसएमएस चालू ठेवावेत."

तारीख, सही, फोन नंबर. बस. दोन पानी गाऱ्हाणं लिहिलं तर कोणी वाचत नाही, माझा पहिला अर्ज दोन पानी होता आणि त्यावर चहाच्या कपाचा गोल उमटला.

त्यातलं "सुरू असल्यास बंद करावी" हे महत्त्वाचं. आईच्या फोनमधून मी ॲप त्याच रात्री डिलीट केलं होतं आणि मला वाटलं झालं. झालं नव्हतं. फोनमधून ॲप काढलं तरी बँकेच्या बाजूने सुविधा चालूच राहते, यूजर आणि पिन जिवंत असतो, आणि पिन म्हणजे जन्मसाल! ते ब्रांचमध्ये लेखी देऊनच डीॲक्टिव्हेट करून घ्यायचं आणि तसा एसएमएस आला का बघायचं. आम्हाला दोन चकरा लागल्या. डेबिट कार्डाचंही बघून घ्या, २०२० पासूनचा नियम असा की नवीन कार्ड मुळात फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनवर चालतं, ऑनलाइन आणि परदेशी वापर तुम्ही सांगाल तरच चालू. कोणी हौसेने चालू करून दिलं असेल तर बंद करायला सांगा.

एसएमएस मात्र सोडू नका, हा माझा आग्रह. ॲप नको म्हणताना काही लोक मोबाईल नंबरच काढून टाका म्हणतात, तसं करू नका. पैसे गेले की कळण्याचा तेवढा एकच मार्ग उरतो, पासबुक महिन्याने भरणार. २०१७ पासूनचा नियम असा की खात्यातून ऑनलाइन पैसे गेले आणि चूक तुमची नाही बँकेची पण नाही, मधल्याच कोणाची, तर ३ कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं की तुमच्यावर काही बोजा नाही. ओटीपी, पिन तुम्हीच दिला असेल तर मात्र कळवेपर्यंत जे गेलं ते तुमचं. म्हणून एसएमएस वाचता येईल इतका मोठा फाँट करून द्या, आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर फ्रिजवर चिकटवा. बँकेचे कामाचे फोन आता १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून येतात आणि वेबसाइट डॉट बँक डॉट इन वाली असते, बाकी काही असेल तर शंका घ्या. व्हॉट्सॲपवर "बँक केवायसी" नावाची एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप टाकणारी) आली तर हात लावायचा नाही. गंमत बघा, बँकाच रोज सांगतात लिंक उघडू नका, आणि बँकाच रोज लिंक पाठवतात की ॲप घ्या. म्हाताऱ्या माणसाने ह्यातली खरी कुठली ते कसं ओळखायचं? माझी आई सगळ्याच उघडत नाही, मला तिचंच बरोबर वाटतं.

ज्यांना ब्रांचपर्यंत जाताच येत नाही त्यांच्यासाठी. ७० च्या वर वय किंवा अपंगत्व, आजारपण असेल तर रोख, चेकबुक, हयातीचा दाखला वगैरे घरपोच सेवेची तरतूद आहे, सरकारी बँकांनी मिळून २०२० पासून डोअरस्टेप बँकिंगही चालू केलंय, चार्ज पडतो. सही करता येत नसेल तर अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा अधिकारी. आमच्या चाळीतले एक काका, पार्किन्सनने हात थरथरतो, सही जुळत नाही म्हणून त्यांचे चेक परत यायचे, त्यांचा मुलगा मग त्यांचं एटीएम कार्ड आणि पिन घेऊन फिरायचा. त्यापेक्षा खातं जॉइंट करून आयदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणजे दोघांपैकी कोणाच्याही एकाच्या सहीने चालेल असं, करून घेणं सरळ, चोरून पिन वापरण्यापेक्षा. अर्थात मुलावर भरवसा असेल तर. तो प्रश्न नियमांनी सुटत नाही.

आणि तरीही काम नाही झालं तर. ब्रांचमध्ये तक्रार नोंदवही असते, तिची पानं अशी असतात की एक प्रत लगेच फाडून तुम्हाला मिळायला हवी. ती वही मागा. नुसती मागितली तरी मॅनेजर केबिनमधून बाहेर येतात, हे मी दोनदा बघितलंय. प्रत्येक ब्रांचला ग्राहकांची एक समितीही असते, महिन्यातून एकदा बैठक, त्यात ज्येष्ठ नागरिक घ्यावेत असं सांगितलेलं आहे, तुमच्या सोसायटीतले रिटायर्ड आणि बोलके कोणी असतील तर त्यांचं नाव द्या, त्यांचा वेळही जाईल आणि कामही होईल. मग बँकेच्या नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याला पत्र, नाव पत्ता ब्रांचच्या बोर्डावर असतो. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही की आरबीआयचा ओम्बड्समन, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारा लोकपाल, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. ऑनलाइन तक्रार होते पण ज्यांना ऑनलाइनच नको त्यांनी साधं पत्र पाठवायचं: सेंट्रलाइज्ड रिसीट अँड प्रोसेसिंग सेंटर, रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड १६००१७. सोबत पोच असलेल्या अर्जाची झेरॉक्स. विचारायचं असेल तर १४४४८ ला फोन. पोच नसेल तर ३० दिवस कधीपासून मोजायचे हेच ठरत नाही, म्हणून म्हटलं सोडायची नाही.

एक मधला रस्ताही सांगते, कारण सगळेच माझ्या आईसारखे हट्टी नसतात. साधा बटणांचा फोन असेल तर मार्च २०२२ पासून त्यावरही यूपीआय करता येतं, १२३पे म्हणतात, ॲप लागत नाही. मिस्ड कॉल देऊन बॅलन्स कळतो. आमच्या शेजारच्या काकू यूपीआय वापरतात पण त्यासाठी दुसऱ्या बँकेत वेगळं खातं काढून त्यात दोन तीन हजारच ठेवतात, मोठं खातं पासबुकावर. मला तर ही व्यवस्था सगळ्यात आवडली. दुसरं खातं सहकारी बँकेत काढत असाल तर चांगलंच, ठाण्यात सहकारी बँका भरपूर आणि त्यांच्या काउंटरवर माणूस नावाने ओळखतो, फक्त एका बँकेत ५ लाखांपर्यंतच ठेवीचा विमा असतो तेवढं ध्यानात ठेवून रक्कम ठेवा.

आईचं सध्या असं आहे की मशीन अजूनही महिन्यातून एकदा बंद असतं पण ती आता सरळ आत जाते. तो स्टिकर देणारा मुलगा तिला "काकू, पासबुक ना?" म्हणतो. मागच्या महिन्यात एन्ट्र्या वाचताना तिला एसएमएस चार्जची वजावट दिसली, काही रुपयांचीच, आणि तिने ती वहीत लाल पेनाने गोल करून ठेवलीये, पुढच्या चकरेत विचारणार आहे. पासबुकाची तीन पानं उरलीत. नवीन घ्याल तेव्हा जुनं रद्दचा शिक्का मारून परत मागून घ्या, आणि नवीनच्या पहिल्या पानावर खात्याचा नंबर, आयएफएससी, नॉमिनीची नोंद छापलीये का ते काउंटरवरून हलायच्या आधीच बघा.